ट्रॅक्टर-शेडच्या लोखंडी शटरची निगा

बारामती व इंदापूर तालुक्यांतील बागायती गावांतून हिंडताना हल्ली घराशेजारी किंवा मळ्यातील वस्तीवर एक बांधकाम हटकून आढळते. तीन बाजूंस विटांच्या भिंती, वर पत्रा, आणि पुढच्या अंगास दहा-बारा फूट रुंदीचे गुंडाळते लोखंडी दार. आत ट्रॅक्टर उभा असतो; त्याच्या बाजूस खताची पोती, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, आणि बहुधा एखादी मोटारसायकल. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात आले, व उजनी धरण १९८० साली पूर्ण झाल्यावर इंदापूरच्या पूर्वेकडील गावांनी भीमेचे पाणी उपशाने घेण्यास आरंभ केला. पाण्यामागून ऊस आला, उसामागून ट्रॅक्टर आला, आणि ट्रॅक्टरमागून हे शटर आले.

ट्रॅक्टरचे तेल केव्हा बदलावे, एअर क्लीनर केव्हा साफ करावा, हे शेतकऱ्यास माहीत असते. शटराकडे मात्र ते अडकेपर्यंत कोणी पाहत नाही. दार ते दार, त्याची निगा ती काय राखावयाची, असा समज असतो. परंतु लाकडी दार व गुंडाळते शटर यांत मोठा फरक आहे. लाकडी दाराचे सर्व वजन बिजागऱ्या व चौकट यांवर असते, आणि बिजागरी निखळली तर दार कलते. शटराचे वजन माणसाच्या डोक्यावर उंच टांगलेले असते व ते एका ताणलेल्या स्प्रिंगने तोलून धरलेले असते. ती स्प्रिंग दिसत नाही, म्हणून तिची आठवण राहत नाही.

वजन किती व ते कोण उचलते

हिशेब करून पाहिला म्हणजे गोष्ट स्पष्ट होते. दहा फूट रुंद व दहा फूट उंच शटराचे क्षेत्रफळ सुमारे ९.३ चौरस मीटर भरते. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरास ७.८५ किलो असते. शटराच्या पट्ट्या २० गेजच्या, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीच्या धरल्या, तरी सपाट पत्र्याचेच वजन ६६ किलोंवर जाते. पट्ट्या एकमेकींत गुंफण्यासाठी त्यांच्या कडांना जी वळणे दिलेली असतात त्यांत पत्रा आणखी जातो. शिवाय खालची जाड तळपट्टी, कड्या व कुलूप असतेच. सर्व मिळून भार एका क्विंटलच्या घरात जातो. पत्रा १८ गेजचा असेल तर तो सव्वा क्विंटल ओलांडतो. पोटॅशची दोन भरलेली पोती दोरीने दारावर टांगली आहेत असे कोणी सांगितले, तर त्याखालून कोणी आपल्या मुलास जाऊ देणार नाही. शटराखालून मात्र सारे घर दिवसातून वीस वेळा ये-जा करते.

एवढे वजन दहा-बारा वर्षांचा मुलगासुद्धा एका हाताने वर ढकलतो, याचे कारण वरच्या पाइपावर बसविलेल्या स्प्रिंगा होत. दाराच्या माथ्यावर दोन्ही भिंतींत दोन ब्रॅकेट बसविलेले असतात. त्यांवर आडवा जाड पाइप यू-आकाराच्या क्लॅम्पांनी आवळून घट्ट धरलेला असतो, म्हणजे तो स्वतः फिरत नाही. पाइपाभोवती स्प्रिंगा गुंडाळलेल्या असतात. प्रत्येक स्प्रिंगचे एक टोक पाइपास व दुसरे टोक फिरत्या चाकास जोडलेले असते, आणि त्या चाकांवर पट्ट्यांचा पडदा गुंडाळला जातो. शटर खाली ओढले की चाके फिरतात व स्प्रिंग पिळली जाते. शटर वर सोडले की तोच पीळ सुटताना पडद्यास वर ओढतो. खाली ओढताना माणूस जे बळ खर्च करतो त्याचा साठा स्प्रिंगमध्ये होतो आणि वर नेताना तो परत मिळतो.

भारास प्रतिभार देण्याची ही युक्ती जुनी आहे. कोकणात विहिरीवरील लाटेच्या मागच्या टोकास दगड बांधीत, तो याचसाठी. पुणे जिल्ह्यातच खडकवासला येथे १९०३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी योजिलेली स्वयंचलित दारे बसली. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की ती आपोआप उघडत व पातळी उतरली की मिटत. तेथेही अवजड दार प्रतिभाराने तोलण्याचीच योजना होती. फरक असा की दगडाचा भार डोळ्यांस दिसतो, आणि दोर सुटला तर तो सरळ खाली पडतो. स्प्रिंगमधील जोर दिसत नाही, व तो सुटला म्हणजे कोणत्या दिशेस झडप घालील हे पाहणाऱ्यास कळत नाही.

शटर पूर्ण खाली असते तेव्हा स्प्रिंग सर्वांत अधिक पिळलेली असते. बंद शटर पाहणाऱ्यास शांत वाटते, परंतु वरच्या पाइपाच्या दृष्टीने तीच सर्वांत जोराची अवस्था होय. शटर पूर्ण वर गेल्यावरही पीळ सर्व जात नाही, कारण बसवितानाच मिस्त्रीने पाइपास काही वळसे आधी दिलेले असतात. म्हणून स्प्रिंग मोकळी आहे अशी एकही वेळ मालकासाठी नसते.

मालकाने कोठे हात लावू नये

शटर जड झाले म्हणजे वस्तीवरील कोणी तरी पाना घेऊन शिडीवर चढतो. ट्रॅक्टरची दुरुस्ती स्वतः करणाऱ्या माणसास यात अवघड असे काही वाटत नाही. "स्प्रिंग ढिली पडली आहे, दोन वळसे द्यावे," एवढेच त्यास सांगावयाचे असते. तो क्लॅम्पाच्या नटांना पाना लावतो. आवळलेला नट सुटला की ज्या पाइपास क्लॅम्पाने आजवर फिरू दिले नव्हते तो स्प्रिंगच्या पिळाने एकदम उलटा फिरतो. पाइपास लावलेला मोठा पाइप-पाना त्याबरोबर फिरून माणसाच्या मनगटावर, जबड्यावर किंवा छातीवर बसतो. आणि माणूस तर शिडीवर असतो. स्प्रिंगचे वळसे कमी-अधिक करण्याचे काम ज्यांचा तो धंदा आहे ते मिस्त्रीदेखील दोघे मिळून करतात: एक जण पाइप-पान्याने पाइप रोखून धरतो आणि दुसरा क्लॅम्प सोडतो व आवळतो.

यास्तव रेषा अशी आखून घ्यावी की दाराच्या माथ्यावरील पाइप, स्प्रिंगा, चाके, यू-क्लॅम्प व ब्रॅकेटचे बोल्ट यांपैकी कशासही घरच्या माणसाने पाना लावावयाचा नाही. पाहावे जरूर, परंतु खालून व बाजूस उभे राहून. खालच्या दोन्ही उभ्या खाचा, पट्ट्या, तळपट्टी, कड्या, कुलूप व दाराचा उंबरा हा भाग मालकाचा. त्याची निगा नीट राहिली तर वरच्या भागाची दुरुस्ती फार क्वचित करावी लागते.

तुटलेली स्प्रिंग वेल्डिंगने जोडून घेण्याची एक रीत काही ठिकाणी दिसते. नवी स्प्रिंग आणण्याचा खर्च व वेळ वाचतो असे तीमागे गणित असते. हे गणित चूक आहे. स्प्रिंगच्या पोलादास विशिष्ट उष्णता देऊन लवचिकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने जोडाजवळचा तो गुण नाहीसा होतो. तेथील पोलाद कोठे ठिसूळ तर कोठे मऊ पडते. जोड काही दिवस टिकतो आणि मग त्याच्याच शेजारी स्प्रिंग पुन्हा तुटते. ती केव्हा तुटेल याचा अंदाज आता कोणासही करता येत नाही. शटरास दोन स्प्रिंगा असतील व एक तुटली असेल, तर दोन्ही बदलाव्यात. दोघींनी सारखेच काम केलेले असते, त्यामुळे राहिलेली स्प्रिंगही थकलेली असते.

बिघाड कसा ओळखावा

स्प्रिंग एका दिवसात बिघडत नाही. पहिले चिन्ह म्हणजे शटर वर नेण्यास पूर्वीपेक्षा अधिक जोर लागणे. हे चिन्ह मालकाच्या ध्यानात सर्वांत उशिरा येते, कारण तो रोज शटर उघडतो व रोज थोडा अधिक जोर लावण्याची त्यास सवय होते. पुष्कळ दिवसांनी घरी आलेला पाहुणा किंवा सुट्टीस आलेला मुलगा म्हणतो, "शटर किती जड झाले!" अशा वेळी त्याचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये.

तोल पाहण्याची रीत सोपी आहे. आधी सर्व माणसे, मुले, कुत्री व कोंबड्या दारापासून दूर कराव्यात. कमरेएवढ्या उंचीचे दोन भक्कम लाकडी ठोकळे किंवा भरलेली पिंपे दाराच्या दोन्ही टोकांस, शटर खाली आले तर त्यांवर टेकेल अशी ठेवावीत. मग शटर त्यांच्यापेक्षा वीतभर वर नेऊन, पावले दाराच्या रेषेबाहेर ठेवून, दोन्ही हातांची पकड हळूहळू सैल करावी. निरोगी शटर तेथेच थांबते किंवा फार तर थोडेसे सरकते. ते खाली धावू लागले तर स्प्रिंग ढिली पडली आहे किंवा तिचा एखादा भाग तुटला आहे. ते आपण होऊन जोराने वर जाऊ लागले तर वळसे अधिक झाले आहेत. हाही दोषच समजावा, कारण असे शटर वर आदळून तळपट्टी माथ्याच्या पन्हळीत अडकते, आणि ती ओढून काढताना लोक तिला लोंबकळतात. दोन्ही प्रसंगी मिस्त्रीस बोलवावे व तोपर्यंत शटर बंदच ठेवावे.

यांखेरीज कान व डोळे यांचा उपयोग करावा. वर जाताना एका बाजूने खरखर व दुसऱ्या बाजूने शांतता असेल तर पडदा तिरपा चालला आहे. पट्ट्या एका अंगास सरकून त्यांची टोके खाचेत घासत असतील तर खाचेच्या कडेवर चकाकणारी रेघ दिसते. भिंतीत ब्रॅकेट बसविलेल्या जागेभोवती गिलाव्यास तडा गेला असेल, किंवा बोल्टाखालून विटेची लाल भुकटी गळत असेल, तर ती गोष्ट फार गंभीर समजावी. पुष्कळशी शेडे हंगामाच्या घाईत, कमी सिमेंटच्या चुरमुऱ्या बांधकामात उभी राहिलेली असतात. त्या भिंतीवर पडद्याचा सर्व भार आणि उघडझापीचा हिसका रोज बसतो. ज्यास नवे शेड बांधावयाचे आहे त्याने ब्रॅकेटखाली काँक्रीटचा ठोकळा आधीच घालून घ्यावा. भिंत उभी राहिल्यावर हे काम दुप्पट खर्चाचे होते.

रात्रीच्या वेळी शेडातून बंदुकीचा बार उडावा तसा आवाज येतो व सकाळी पाहावे तर काहीच पडलेले नसते, असे कधी कधी घडते. तो आवाज स्प्रिंग तुटल्याचा असू शकतो. शटर बंद असल्याने पडदा जागीच राहतो. अशा आवाजानंतर शटर उघडण्याचा प्रयत्न करू नये.

हंगामातील अडचण

खरा कठीण प्रसंग येतो तो गळिताच्या हंगामात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी येथील कारखान्यांची धुराडी पेटली की ट्रॅक्टरला दिवस-रात्र एक होतात. तोड मिळालेली असते, फडात ट्रॉली भरून उभी असते, आणि पहाटे तीन वाजता शटर वर जात नाही. ड्रायव्हर, मालक व शेजारचे दोघे मिळून पहारीने तळपट्टी उचकटतात, आणि चौघे खांदा लावून शटर वर रेटतात.

येथे काय घडते हे समजून घ्यावे. स्प्रिंग तुटली असेल तर पडदा गुंडाळून घेणारी शक्तीच उरलेली नसते. खालून रेटलेला पडदा चाकांवर चढत नाही; वरच्या अंगास त्याच्या दुमडी पडून त्या एकावर एक साचतात. माणसांस वाटते शटर वर गेले. प्रत्यक्षात क्विंटलभर लोखंड नुसते खाचेच्या घर्षणावर तोललेले असते. ट्रॅक्टर सुरू झाल्यावर जी थरथर होते तेवढी त्यास पुरेशी असते, आणि त्या क्षणी ड्रायव्हरचे डोके नेमके तळपट्टीखालून जात असते. कोणी काठीचा टेकू लावला असेल तर ट्रॉलीच्या हुकाने तो उडतो.

म्हणून तोल बिघडल्याची शंका आली त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर बाहेर काढून ठेवावा व शटर मिस्त्री येईपर्यंत बंद ठेवावे. ट्रॅक्टर आत व स्प्रिंग तुटलेली, असा पेच पडलाच तर त्या रात्रीची खेप शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने करावी. सावडीने कामे करण्याची रीत आपल्याकडे आहेच; ती याही कामी यावी. नवीन शेड बांधताना बाजूच्या भिंतीत माणूस जाण्यापुरते एक साधे दार ठेवावे, ही सूचना पुष्कळांस अनावश्यक वाटते. परंतु शटर अडकले असता आतील माणसास बाहेर पडण्यास, किंवा मिस्त्रीस आतून पाइप पाहण्यास, त्या दाराखेरीज मार्ग नसतो.

थंडीच्या दिवसांत शटर अर्धवट ओढून आत ट्रॅक्टर सुरू ठेवण्याची सवयही मोडली पाहिजे. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग किंवा वास नसतो. बंद शेडात तो साचला म्हणजे माणसास आधी डोके दुखल्यासारखे व गुंगी आल्यासारखे वाटते, आणि पुढे उठून दार उघडण्याचे भानही राहत नाही. ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी शटर पूर्ण वर न्यावे.

गंज, धूळ व खत

या दोन तालुक्यांत पाऊस कमी, वर्षास ५०० मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे लोखंड येथे गंजणार नाही असे वाटते. परंतु येथील गंज वरून येण्यापेक्षा खालून अधिक येतो. कालव्याखालील पुष्कळ जमिनी खारवट व चोपण झालेल्या आहेत. ओल जमिनीतून वर चढते व तिच्याबरोबर क्षारही चढतात. शटराच्या दोन्ही खाचांची खालची वीतभर लांबी आणि तळपट्टी याच पट्ट्यात येतात. तेथील पत्रा पोखरला जातो, खाच रुंदावते व पडदा तेथे हिसका खाऊ लागतो. उंबऱ्याचा कोबा बाहेरच्या बाजूस थोडा उतरता करून घेतला आणि दारात पाणी साचू दिले नाही, तर निम्मा त्रास वाचतो.

दुसरा शत्रू शेडातच राहतो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते. ते हवेतील दमट शोषून लोखंडास झपाट्याने खाते. युरिया व अमोनियम सल्फेट यांनाही पाणी सुटते. फुटलेले पोते शटराच्या खाचेस टेकवून ठेवले तर दोन पावसाळ्यांत खाचेस भोक पडू शकते. खते लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर व शटरापासून शक्य तितकी आत ठेवावीत. बॅटरी चार्जिंगला लावण्याची जागाही शटरापासून दूर असावी.

तिसरी गोष्ट तेलाची. ट्रॅक्टरमधून काढलेले जळके ऑइल शटराच्या खाचांत ओतण्याचा प्रघात जवळजवळ सर्वत्र आहे. फुकट मिळते, काळेभोर व चिकट असते, त्यामुळे काम झाल्यासारखे वाटते. दोन दिवस शटर हलके चालतेही. त्यानंतर उसाच्या रस्त्यावरची बारीक धूळ त्या तेलात बसून तिचा कुरुंदासारखा लेप होतो, व तो पट्ट्यांची टोके घासून काढतो. स्वयंपाकाचे गोडे तेलही नको. ते काही दिवसांनी घट्ट व चिकट होते. रीत अशी असावी: शटर पूर्ण वर नेऊन दोन्ही खाचांत तळपट्टीखाली भक्कम लाकडी टेकू उभे करावेत. कोरड्या ब्रशाने खाचांतील माती काढावी, डिझेलात किंचित भिजविलेल्या फडक्याने जुना लेप पुसावा व खाच कोरडी करावी. त्या वेळी विडी-सिगारेट व वेल्डिंगचे काम जवळ नसावे. नंतर पातळ यंत्र-तेलाचा हात फडक्याने अगदी हलकासा फिरवावा, किंवा ग्रॅफाइटची पूड मिळाल्यास ती लावावी, तिच्यावर धूळ कमी बसते. कुलपात तेलाचे दोन थेंब पुरेत. जेथे गंज धरला असेल तेथे पॉलिश पेपराने घासून रेड ऑक्साइडचा हात देऊन वर रंग द्यावा. मात्र पट्ट्यांच्या गुंफणीत रंग भरून ती चिकटू देऊ नये.

हे काम वर्षातून दोन वेळा पुरते. एक, मृग नक्षत्र निघण्यापूर्वी. दुसरे, खंडेनवमीस. त्या दिवशी अवजारे धुऊन-पुसून त्यांची पूजा होते आणि शटरासही झेंडूची माळ लागते; माळ बांधण्यास माणूस शिडीवर चढतोच, तेव्हा ब्रॅकेटचे बोल्ट व गिलाव्याच्या भेगा यांकडे नजर टाकून यावे. मागोमाग गळिताचा हंगाम सुरू होतो, म्हणून ही वेळ योग्य आहे.

वळवाच्या वाऱ्यासंबंधी एक सूचना येथेच देणे इष्ट. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वावटळ उठते तेव्हा अर्धवट उघडे शटर शिडासारखे फुगते व पट्ट्या खाचेतून निसटतात. वादळ दिसताच शटर पूर्ण खाली घेऊन दोन्ही बाजूंच्या कड्या घालाव्यात. साडेतीन मीटरपेक्षा रुंद दार एकाच पडद्यात करण्याऐवजी मध्ये खांबाचा आधार देऊन दोन भागांत करणे, हा याच कारणासाठी चांगला उपाय आहे. खर्च वाढतो हे खरे. पण प्रत्येक पडदा हलका होतो.

मुले, कपडे आणि किडूक

शटराच्या तळपट्टीस लोंबकळून वर जाण्याचा खेळ मुलांस फार आवडतो. तो एकदा जरी दिसला तरी थांबविला पाहिजे. त्यात स्प्रिंगवर नसता भार पडतो, आणि गुंडाळताना पट्ट्यांच्या सांध्यात बोटे सापडतात. वर जाताना सांधे उघडतात व मिटतात. तेथे मोठ्या माणसानेही हात ठेवू नये. धरण्यासाठी तळपट्टीजवळ मूठ असते तीच वापरावी, आणि उंच शटरासाठी आकडी बसविलेली काठी दाराशी टांगून ठेवावी. खांद्यावरचा टॉवेल, उपरणे किंवा पदर पट्ट्यांत ओढला जातो, तो आधी खोचून घ्यावा. ऊसतोडणीस आलेली कुटुंबे हंगामात वस्तीजवळ उतरतात व त्यांची मुले सावलीसाठी शेडाच्या दारात बसतात. त्यांस दाराखालची जागा सोडून बसावयास सांगणे हे मालकाचे काम आहे. त्या मुलांस शटर नवीन असते.

माथ्यावरील गुंडाळीवर झाकण नसेल तर चिमण्या व गांधीलमाश्या तेथे घर करतात आणि त्यांमागे साप येतो. पुष्कळ दिवस बंद असलेले शटर उघडताना दाराखाली मान घालून वर पाहू नये. ते हातभर उचलून, काठीने दोन-चार ठोके मारून, थोडे थांबून मग वर न्यावे. पत्र्याचे झाकण बसविणे सर्वांत बरे. त्याने धूळही अडते.

शेडात वीज घेताना वायर शटराच्या उंबऱ्यावरून आत नेलेली पुष्कळ ठिकाणी आढळते. तळपट्टी रोज तिच्यावर टेकते, आवरण कापले जाते, व एक दिवस सगळे शटर विजेचे होते. शटरास हात लावताच झिणझिण्या आल्या तर पुन्हा हात न लावता मेन स्विच बंद करावा व वायरमन येईपर्यंत दारापासून सर्वांस दूर ठेवावे. वायर भिंतीत उंचावरून पाइपातून न्यावी, अर्थिंग करून घ्यावे व गळती होताच वीज तोडणारा स्विच मुख्य पेटीत बसवावा.

विजेवर चालणारी शटरे

बटन दाबताच चालणारी शटरे आता बारामती शहराजवळील घरांतून व काही गोदामांतून दिसू लागली आहेत. त्यांत श्रम वाचतात. पण हाताने शटर ओढताना खाली कोणी आले तर हात थांबतो, मोटार थांबत नाही. अमेरिकेत घरगुती गाडीखान्यांच्या विजेच्या दारांखाली मुले सापडून दगावल्यावर तेथे कायदा झाला, आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या अशा प्रत्येक यंत्रास, अडथळा लागताच दार उलटे वर नेणारी योजना सक्तीची करण्यात आली. आपल्याकडे मोटार घेताना विकणाऱ्यास हीच गोष्ट प्रथम विचारावी. शटर बसल्यावर दारात एक लाकडी ठोकळा आडवा ठेवून बटन दाबून पाहावे: ठोकळ्यास लागताच शटर उलटले पाहिजे. ही परीक्षा दर महिन्यास करावी. बटन अशा जागी असावे की दाबणाऱ्यास सर्व दार दिसेल, आणि मुलांच्या हातास लागणार नाही. वीज गेल्यावर हाताने चालविण्याची साखळी कोठे आहे व ती कशी सोडवावी, हे घरातील दोघांस तरी येत असावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावास भेट देताना विकास सोसायटीच्या गोदामाचे शटरही पाहून घ्यावे. तेथे दार कोणा एकाचे नसल्याने तक्रार कोणी करीत नाही, आणि खत वाटपाच्या दिवशी दारात गर्दी असते. बारामती व इंदापूर येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांशी बोलून, मृगापूर्वीच्या मोकळ्या दिवसांत एखाद्या गोदामाच्या दारावर तोल पाहण्याचे व खाचा साफ करण्याचे प्रात्यक्षिक ठेविल्यास पन्नास-साठ शेतकरी एका सकाळी ते डोळ्यांनी पाहू शकतील. प्रात्यक्षिकाच्या वेळी वरच्या पाइपास हात लावण्याचे काम मात्र मिस्त्रीकडेच ठेवावे, व तो ते करीत असताना पाहणाऱ्यांस दारापासून दहा पावले मागे उभे करावे.